साक्षीदार मिळेनात

मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात आणि ज्यांना त्यातून काही मिळणार आहे ते साक्षीला नकोत, असं वकिलांनी सांगितलं, तेव्हा मावशी पेचात पडल्या. उभा जन्म गल्लीचे कपडे शिवण्यात गेलेला, त्यामुळे त्या अख्ख्या गल्लीच्या मावशी. सख्खं मात्र कोणीच नाही. म्हणून मशीन समोरच्या वहिनींना, कपाट खालच्या जोडप्याला, पंखा दूधवाल्याला, असं करत ओळखीच्या प्रत्येकाच्या नावे त्यांनी काही ना काही लिहिलं होतं. साक्षीला माणूसच उरलं नव्हतं.

"मग अनोळखी बघू," वकील म्हणाले. सोमवारी मावशींच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

बाहेरच्या बाकावर आपापल्या कामाला आलेल्या दोन बायका तयार झाल्या. कागद छापून होईपर्यंत मावशींनी एकीच्या सुनेचं बाळंतपण ऐकून घेतलं आणि दुसरीच्या ब्लाउजची बाही कुठे बिघडलीय ते दाखवलं. सहीची वेळ आली तशी त्यांनी पेनावर हात ठेवला.

"थांबा हो. हिला माझी मोठी कात्री लिहा. आणि हिला इस्त्री."

दोघी बाद झाल्या. मग जिन्याखाली किल्ल्या बनवणारा आणि त्याचा भाऊ वर आले. नेमका प्रिंटर अडला. तो सुरू होईस्तोवर किल्लीवाल्याला टेबलदिवा मिळाला होता आणि भावाला स्टूल.

वकिलांनी हात जोडले. "मावशी, जरा वेळ कोणाशी बोलू नका."

"घरी तेच तर करते," मावशी म्हणाल्या.

शेवटी वकील आणि त्यांची टायपिस्ट स्वतःच साक्षीदार झाले. आम्हाला दोऱ्याचं रीळसुद्धा नको, असं त्यांनी आधीच बजावलं. मावशींनी मोठ्या कष्टाने तोंड आवरलं आणि सही केली.

राहिला दवाखान्याचा कागद. शुद्ध हरपली तर निर्णय कोणी घ्यायचा, ती जागा कोरीच होती.

"वहिनींना विचारलंत का?" वकिलांनी विचारलं.

"देणं सोपं असतं हो. हे मागायचं कसं?" मावशींनी वकिलांकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला माझ्याकडून काहीच मिळणार नाही ना?"

"काहीच नाही."

"मग तुमचंच नाव घाला."

वकिलांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. सावकाश आपलं नाव लिहिलं. मग, विचारायलाच हवं म्हणून, खालच्या आवाजात विचारलं, "मावशी, यंत्रावर ठेवायची वेळ आली, तर तुमची काय इच्छा आहे?"

तुमची काय इच्छा आहे, असं मावशींना कितीतरी वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"सांगते," त्या म्हणाल्या, "पण अगदी सुरुवातीपासून सांगावं लागेल."