नानाकाकांच्या बाईसाहेब

नानाकाका चुरी बायकोला ‘अगं’ म्हणत, जुन्या साहेबांना ‘अरे’ म्हणत आणि घोडीला ‘अहो’ म्हणत. “अहो, पाय उचला जरा,” म्हणत ते तिच्या खुरातला खडा काढायला वाकायचे, तेव्हा रस्त्याने जाणारा नवखा माणूस काकी कुठे दिसतात का ते बघायचा.

आम्ही बोळिंजला फ्लॅट घेतला तेव्हा इमारतींच्या मध्ये अजून केळीच्या वाड्या तग धरून होत्या. त्यातली एक काकांची. वीजखात्यात मीटर वाचण्यात त्यांची उभी हयात गेली. “आयुष्यभर लोकांच्या दारात पायी गेलो, आता बसून जानार,” असं जाहीर करून त्यांनी निवृत्त झाल्यावर घोडी आणली. काकी म्हणाल्या, “लोक स्कूटर घेतात.” काका म्हणाले, “स्कूटर वळून बघते का कधी?”

घोडी पांढरी, उतारवयाची. विरारच्या एका बँडवाल्याकडे वरातीत नाचून नाचून तीही निवृत्तच झालेली. तिला सगळे बाईसाहेब म्हणत.

रविवारी सकाळी तासाभराची फेरी असायची आणि तिची तयारी त्याहून लांबायची. आधी खरारा, मग खूर, मग खोगिराखालच्या घोंगडीवर तळहात फिरवून कुसळं शोधणं. “तुझ्या गंजीफ्रॉकात कुसळ गेलं तर हापिसात नीट बसशील का?” ते मला विचारायचे. शेवटी डोक्यावर हेल्मेट. स्कूटर नव्हती, पण हेल्मेट होतं.

मलाही त्यांनीच घोडीवर बसायला शिकवलं. “लगाम म्हंजे दोरी नाय, टेलिफोन हाय. ओरडायचं नाय. हळू बोललं तरी तिला पोचतं.” पहिल्याच दिवशी मी काय बोललो कोण जाणे, बाईसाहेब थेट एका मळ्यातल्या कोबीपर्यंत गेल्या. काका मागून ओरडले, “राँग नंबर!”

बाईसाहेबांची जुनी सवय मात्र सुटली नव्हती. एकदा गासच्या वाटेवर लांबून बँड वाजला. त्यांनी कान टवकारले, मान वळवली आणि काकांना घेऊन वरातीच्या अगदी पुढे जाऊन नाचायला लागल्या. नवरदेव बिचारा मागे मोटारीत. वऱ्हाडातल्या एका म्हातारीने डोळे बारीक करून हेल्मेटवाल्याकडे पाहिलं आणि भाबडेपणाने म्हणाली, “नवरा वयानं जरा जास्तच हाय, पन बसतो ताठ.” काका हार घालून घरी आले. काकींनी दोन दिवस त्यांना ‘नवरदेव’ म्हणून हाक मारली.

फेरीची वाट ठरलेली असे. बोळिंजहून गासच्या शेतांमधून जायचं आणि परत यायचं. काका घोडीवर आणि मी शेजारून सायकलवर. वाटेत एक जुनी भिंत लागायची, तिच्यावरून रामफळाची फांदी बाहेर डोकवायची. तिथे काका लगाम आखडत, ताठ बसत आणि घोडीशी मोठमोठ्याने बोलायला लागत. “काय बाईसाहेब, बरं हाय ना? आमचं बरं हाय. गुडघा तेवढा दुखतो. थोरलीला मुलगा झाला!” मला वाटायचं, वय झालंय.

भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ राहतो, हे मला काकींकडून कळलं. भास्करकाका एकटेच असत. त्याच रामफळाच्या झाडावरून, ते कुणाचं, या गोष्टीवरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षांपूर्वी बंद झालं होतं.

मग आमच्या सोसायटीत सत्यनारायण झाला. काकांनी बजावूनही लोकांनी त्यांच्या मागे बाईसाहेबांना प्रेमाने पुऱ्या चारल्या, शिराही चारला. दुसऱ्या दिवशी रविवार; सकाळची फेरी हुकली म्हणून दुपारी आम्ही फिरायला निघालो तर त्या भिंतीपाशीच बाईसाहेब थांबल्या. वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघायला लागल्या, पुढच्या पायाने माती उकरायला लागल्या आणि मग गुडघे मोडून खाली बसायला लागल्या.

काका टुणकन उतरले. त्यांचा चेहरा पांढराफटक. “पोटात कळ आलीय. बसू द्यायची नाय हिला. लोळली तर आतडं पिळतं.” त्यांनी खोगीर सोडलं. “डॉक्टरला फोन कर, पळ!”

जवळचा फोन एकाच घरात होता. मी फाटक ढकललं. भास्करकाका ओसरीवर उभेच होते. मी बोलायच्या आत म्हणाले, “फोन आत हाय,” आणि बाहेर गेले.

मी परत आलो तेव्हा घोडी त्यांच्या अंगणात होती. दोर भास्करकाकांच्या हातात, काका मागून ढकलतायत. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता अंगणाला फेऱ्या मारत होते.

“त्याला सांग, असं कायबाय खायला घालायचं नसतं,” भास्करकाका घोडीला म्हणाले.

“मी नाय दिलं, सांगा त्याला,” काकाही घोडीलाच म्हणाले.

“आनि गुडघ्याला तेल लावतो का नाय, विचार.”

काका चालता चालता थबकले. “तुला काय म्हाईत गुडघ्याचं?”

“बहिरा नाय मी. दर रविवारी भिंतीला टेकून बसतो.”

डॉक्टर आले, नळीने तेल पाजलं, इंजेक्शन दिलं आणि चालवत राहा म्हणाले. एक दमला की दुसरा दोर घेई. ऊन उतरलं. झाडांच्या सावल्या अंगणभर पसरल्या. बाईसाहेब मान खाली घालून ओढल्यासारख्या चालत होत्या आणि काका एकसारखे पुटपुटत होते, “अहो, असं नका करू. अहो, ऐका माझं.”

आणि मग बाईसाहेबांनी शेपटी वर केली.

लीद पडली. भरपूर पडली. एखाद्या घरात पेढे वाटावेत तसा आनंद त्या अंगणात झाला. डॉक्टर हसायला लागले. काकांनी भावाला मिठी मारली आणि दोघांचेही पाय त्या लिदीत होते, पण कुणीच बाजूला झालं नाही.

“आजची रात तिला इथंच राहू दे,” भास्करकाका म्हणाले. “तूपन राहा.”

मी एकटाच परतलो आणि काकींना सगळं सांगितलं. त्या ऐकता ऐकता डबा भरायला लागल्या.

“ते जेवायला घालतीलच की,” मी म्हटलं.

“घालतील रे. पन ह्यांना दुसऱ्याच्या घरी मागून घ्यायची लाज वाटते.”

भाताचा डाव त्यांच्या हातात तसाच राहिला.

“दुसऱ्याचं कसलं म्हना,” त्या म्हणाल्या, आणि भात परत पातेल्यात ओतला.