गाऱ्हाणं घालून चालू होणारा कॉम्प्युटर

आमच्या गावचे बाबीकाका तांडेल कॉम्प्युटर चालू करण्याआधी त्याला गाऱ्हाणं घालतात.

कॉम्प्युटर म्हणजे टेबलावरचा नव्हे. वहीएवढा, मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं असलेला, हातात धरून गेम खेळायचा. दर शुक्रवारी संध्याकाळी काका तो पंच्यात गुंडाळून सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळमाळावर नेतात, जुन्या चिरेखाणीच्या काठावर ठेवतात, चपला काढतात आणि हात जोडून सुरू करतात, "बा देवा म्हाराजा, बारा वेशीच्या म्हाराजा, आज ह्या यंत्राक हात लावतंय. बॅटरी पुरव, रेंज ऱ्हवान दी, आणि जो कोण मदीच खोडो घालीत, तेका दूर कर रे म्हाराजा!"

मग थांबतात. गाऱ्हाण्याची रीतच तशी आहे. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. तो होकार आला नाही तर गाऱ्हाणं अर्धंच राहतं. सड्यावर होकार द्यायला दोन म्हशी असतात, असं मला वाटे.

हे मी लांबून पाहिलं आणि लांबूनच लिहिलं. आज ज्या गोष्टींची मला लाज वाटते, त्या सगळ्या मी लांबूनच केलेल्या आहेत.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा संघटनेचं काम करत. घरात पत्रकांचे गठ्ठे असत, आणि अक्षरं मी त्यांवरूनच शिकले. 'अ' अन्यायाचा, 'ध' धिक्काराचा. त्यामुळे बाबीकाकांनी आपल्या होडीचं इंजिन विकून पाऊण लाखाचं खेळणं घेतलं हे कळलं, तेव्हा माझा हात आपोआप पेनाकडे गेला.

आधी रीतसर जाब विचारायला गेले. काका पडवीत बसून त्या यंत्राची बटणं दाताच्या ब्रशने साफ करत होते. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, म्हणून ते त्याला सुक्या बांगड्याच्या जुन्या डब्यात, कापराच्या दोन वड्यांसोबत ठेवत. त्यामुळे यंत्राला देवळाचा आणि बाजाराचा असे दोन्ही वास येत.

"काका, हे पाऊण लाखाचं आहे?"

"आसा."

"बॅटरी किती चालते?"

"दीड तास. हुनहुनीत जाता मगे. पेज ठेवली तर शिजात."

"याच्यापेक्षा स्वस्तात मोबाइल येतो की."

"मोबाइलात तो खेळ चलना नाय."

"मग टेबलावरचा कॉम्प्युटर घ्यायचा."

"आणि तो डोक्यार घेवन सड्यार जाव? घरात रेंज खंय आसा? वारो बघ आणि बोल गो बाय."

"वारो बघ आणि बोल" हे काकांचं पालुपद. चाळीस वर्षं तांडेल म्हणून होडी हाकलेला माणूस. लग्न जुळवायला आलेल्यांना, मतं मागायला आलेल्यांना, गुडघ्याचं ऑपरेशन करा म्हणणाऱ्या डॉक्टरलासुद्धा त्यांनी हेच सांगितलं होतं. त्याच गुडघ्यांमुळे समुद्र सुटला, आणि इंजिन पडवीत धूळ खात पडलं होतं. हेही मला माहीत होतं. पत्रकात ते मी घातलं नाही. पत्रकात जागा कमी असते.

"पण यात करता काय तुम्ही?" मी विचारलं.

"मासे मारतंय."

"खोटे मासे?"

"मासे खोटेच. समुद्रपण काय खरो न्हय, तेका भरती नाय. बारा म्हयने एकाच बांधार पाणी! केल्यान कोणी, तो कधी बंदरार उभो ऱ्हवलेलो दिसना नाय." काका मनापासून संतापले होते. "आणि वाऱ्याच्या तोंडार जाळा टाकतत, शिरा पडो तेंच्या तोंडार!"

मला हसू आलं होतं. पण तत्त्वाच्या माणसाने हसायचं नसतं, म्हणून मी उठले.

पत्रकाचा मथळा होता, 'पाऊण लाखाचं खेळणं!' त्यात मी म्हटलं होतं की बंदरावर मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या डोक्यावर साधं छप्पर नाही, आणि इथे चालती इंजिनं विकून म्हातारी माणसं पडद्यावर मासे मारताहेत. छपराचं मी आजही म्हणते. पण पुढे गाऱ्हाण्याची टिंगल होती आणि दोन म्हशीही होत्या. नाव मात्र मी घातलं नव्हतं, तत्त्व म्हणून. नुसतं 'लंगडत सड्यावर जाणारे एक ज्येष्ठ तांडेल' असं लिहिलं होतं. आमच्या गावात लंगडणारे ज्येष्ठ तांडेल किती, हे मोजायला एक बोट पुरतं.

पत्रक एसटी थांब्यावर लागलं, मासळी बाजारात वाटलं गेलं. कुणीतरी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. लोक हसले. खरं सांगते, लोक हसले तेव्हा मला बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी आई मासे साफ करता करता म्हणाली, "गो, ता यंत्र कित्याक घेतल्यान, इचारलंस तू बाबीक?"

"काय करता ते विचारलं."

"कित्याक, म्हणान इचारलंय मी."

आईने कोयता खाली ठेवला आणि सांगितलं.

बाबीकाकांचा एकुलता एक मुलगा सुहास कतारला असतो, पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात. काकू होत्या तोवर फोन त्यांच्या हातात असायचा. बाप काय म्हणतो ते त्या लेकाला सांगायच्या, लेक काय म्हणतो ते बापाला. काकू गेल्या आणि दोघांना कळलं की आपण एकमेकांशी कधी बोललोच नाही. मग फोन यायचा. "जेवलंस?" "जेवलंय. तुम्ही?" "जेवलंय." "बरो आसस मां?" "बरो आसंय." "ठेवतंय मगे." आई शेजारची, तिने हे कित्येकदा ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर काका बराच वेळ त्या फोनकडे बघत बसायचे.

मागच्या रजेत सुहास हे असलं यंत्र घेऊन आला. बापाला सड्यावर नेऊन त्याने होडीचा खेळ दाखवला. काकांनी पहिल्या पाच मिनिटांत त्याला तीन शिव्या घातल्या. सुकाणू असं धरतात काय मेल्या, म्हणाले. सुहास हसला, आणि अंधार पडेपर्यंत दोघं ओरडत बसले. तो परत गेल्यावर काकांनी इंजिन विकलं आणि कुडाळच्या दुकानातून तसलंच यंत्र मागवलं. तेव्हापासून दर शुक्रवारी, सुहासच्या सुट्टीच्या दिवशी, बाप आणि लेक एकाच होडीतून मासे मारायला जात. त्या यंत्रातून एकमेकांचा आवाजही ऐकू येतो. काकांनी इकडून गाऱ्हाणं घालायचं आणि सुहासने तिकडून "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. म्हशींचा काही संबंध नव्हता.

"मी इचारलंय तेका, फोन आसताना ह्या कित्याक," आई म्हणाली. "तर म्हणता कसो, फोनार बोलूचाच लागता. हंय होडी हाकूची आसता, बोलणा आपोआप मदी येता."

मी पंधरा-वीस पत्रकं लिहिली असतील. त्यांतल्या एकातही इतकं खरं वाक्य नाही.

"आता नाय खेळणत पण," आई म्हणाली. "तुझा ता पत्रक सुहासान ग्रुपार वाचल्यान. गाव बापाशीक हसता म्हणान तेका लाज वाटली. यंत्र इकून टाका, सांगल्यान, आणि खेळाक यायचोच बंद झालो. दोन शुक्रवार झाले."

त्या शुक्रवारी मी सड्यावर गेले. माफी मागायची तीन वाक्यं पाठ करून गेले होते. पत्रकवाल्यांची सवय, एक, दोन, तीन.

काका खाणीच्या काठावर पाठमोरे उभे होते. चपला बाजूला, यंत्र दगडावर. पडद्यावर एक रिकामी होडी भरती नसलेल्या समुद्रात हलत होती. मी करवंदीच्या जाळीआड थांबले. पुन्हा लांबूनच.

"बा देवा म्हाराजा," काकांनी सुरुवात केली, "बारा वेशीच्या म्हाराजा. आज तिसरो शुक्रवार. माझ्या झिलाच्या मनात जी लाज बसली आसा, ती काढून टाक. हसणाऱ्यांक हसान दी, तेंचो माका राग नाय. आणि जेना ता लिवल्यान..."

मी डोळे मिटले. गाऱ्हाण्यात वाईट चिंतणाऱ्याला देव काय काय करो म्हणतात, ते इथल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. माझ्या वाट्याला त्यातलं जे येईल ते मला मान्य होतं.

"...ता चेडू आपलाच आसा. उन्हात बसणाऱ्या बायलांसाठी तेचो जीव तुटता, ता खोटा नाय. तेच्या मागण्याक यश दी. छप्पर होवन जाव दी. आणि लिवताना तेका वारो बघूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

आणि काका थांबले.

इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गाऱ्हाणं संपलं की होकार तोंडून आपोआप येतो. पण हे गाऱ्हाणं माझ्याच भल्याचं होतं, आणि ज्याचा होकार यायचा त्याचं तोंड मीच बंद केलं होतं. पाठ केलेली तिन्ही वाक्यं कुठे गेली कोण जाणे. यंत्रातून नुसती खरखर येत होती. काका हात जोडून तसेच उभे होते. गुडघा दुखतो म्हणून त्यांनी एकदा पाय बदलला.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. आवाज जेमतेम जाळीबाहेर पडला.

काकांनी वळून पाहिलं नाही. फक्त यंत्राकडे बोट केलं.

"मोठ्यान म्हण गो बाय," ते म्हणाले. "थंय कतारात ऐकाक जावक व्हया."

मी जाळीआडून बाहेर आले, चपला काढल्या, आणि त्यांच्या शेजारी उभी राहून ओरडले.