काकाजींच्या सर्व्हरची सोयरीक

आमच्या हुडको कॉलनीतले ढोमणे काकाजी दोन कॉम्प्युटरचं जमवायला बसले, की खोलीत कोणी शिंकायचं नाही. शिंकलं, तर पुन्हा पहिल्यापासून!

त्यांना सवयच ती. स्टील प्लांटातून रिटायर झाल्यापासून काकाजी भिलाईतल्या मराठी पोरापोरींची लग्नं जुळवतात. सगळे बायोडाटे मागच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये; तोच त्यांचा सर्व्हर. त्यांची मुलगी सुषमा हैदराबादहून दर रविवारी एसएसएचने, म्हणजे दुरूनच पण सुरक्षितपणे, त्यात शिरते आणि यादी नीट करते. निदान शिरायला बघते. कारण कनेक्शन जुळता जुळताच तुटतं.

"फिसकटली बोलणी!" काकाजी जाहीर करतात. "पोरीचा लॅपटॉप नव्या चालीचा, आपला सर्व्हर जुन्या वळणाचा. तो म्हणते कुलूप माह्या पद्धतीचं लावा, हा म्हणते माह्या. मंग काय, वऱ्हाड मांडवातून वापस!"

गंमत म्हणजे हे अगदी बरोबर आहे. मी कॉलेजात हेच शिकवते, पण माझ्या पोरांना ते इतकं चटकन कळत नाही.

मग फोन. सुषमा तिकडून सांगणार आणि काकाजी एका बोटाने सर्व्हरच्या सेटिंगमध्ये नव्या पद्धतीची एक ओळ लिहिणार. एक ओळ हो! तिला तास लागतो. "स्पेस सोडू का?" "कितली सोडू?" मधेच, "जेवली का तू?" शेवटी एकदाचं जुळतं. आणि पुढच्या रविवारी ती ओळ गायब!

"मशीन म्हातारी झाली बेटा. भुलून राहिली," काकाजी मला सांगत.

चार महिने मी हे भिंतीपलीकडून ऐकलं. मग माझं डोकंच सटकलं. एका शनिवारी गेले, दोन मिनिटांत ओळ लिहिली आणि वर त्या फाइलीला माझा पासवर्ड ठोकला.

"आता बापजन्मात तुटणार नाही, काकाजी!"

"बरं झालं," ते म्हणाले आणि बळंच हसले.

रविवारी मी मोठ्या तोऱ्यात विचारायला गेले. काकाजी इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले होते.

"जुळलं ना?"

"जुळलं. पाच मिनिटात काम आटोपलं तिचं."

"मग?"

"मंग काही नाही. मेसेज आला, सब ठीक है बाबा."

मी सहज सर्व्हरच्या नोंदी उघडून पाहिल्या. ती ओळ दर शनिवारी संध्याकाळी कोणीतरी याच खुर्चीत बसून पुसली होती. मशीन बिचारी काही भुलत नव्हती.

"काकाजी, कावून पुसून टाकता ती ओळ?"

ते उगाच टेबलावरची धूळ झटकत राहिले. "बिघडलं तर तासभर बोलते वो. चांगलं असलं तर फोन कायले करन ते?"

लाज वाटली मला. एवढी शिकलीसवरलेली मी, आणि एका बापाचा रविवार बंद करून बसले!

पुढच्या शनिवारी जाऊन मी पासवर्ड काढला आणि ओळ माझ्याच हाताने पुसली. काकाजी शेजारी उभे होते.

रविवारी दहाच्या सुमारास भिंतीपलीकडे फोन वाजला.

"तुटलं? अरे राम राम राम!" काकाजी ओरडले, आणि त्या आवाजात कोण आनंद! मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सांग बेटा. पहिल्यापासून सांग. मले काहीच घाई नाही."