पाण्यालाही चालेल, बर्फालाही चालेल

हेल्मेटच्या बाबतीत चैत्रालीला गंडवू शकेल असा दुकानदार साउथहॅम्प्टनमध्ये तरी अजून दुकान थाटून बसलेला नव्हता. असं ती स्वतःच म्हणायची, आणि तसं म्हणायचा तिला थोडा हक्कही होता. विमा कंपनीत अपघातांचे क्लेम तपासणं हे तिचं काम. माणसं शिडीवरून, सायकलवरून, ट्रॅम्पोलिनवरून कशी पडतात हे ती दिवसभर वाचायची आणि संध्याकाळी घरी येऊन तीन वर्षांच्या मुलीच्या, मालविकाच्या, सोफ्याभोवती उशा रचायची. टेबलाचे कोपरे, खिडक्यांचे कोपरे, एका उंच पाहुण्याचं डोकं आपटल्यापासून जिन्याखालची तुळई, सगळ्याला तिने फोम चिकटवला होता. त्या घरात कुणाला पडून लागायचं असेल तर आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागली असती.

अशा बाईच्या नवऱ्याने पतंगाला लटकायचं ठरवलं.

पतंग संक्रांतीचा नव्हे. हा पतंग बैठकीच्या खोलीएवढा. त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पायाखाली फळी घ्यायची आणि वारा नेईल तिकडे समुद्रावरून सुसाट जायचं. हिवाळ्यात फळीऐवजी स्की बांधायच्या आणि हेच बर्फावर करायचं. शार्दूल रोज ट्रेनने रीडिंग शहरात जाऊन कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि ट्रेनने परत येऊन टीव्हीसमोर बसायचा. ऑफिसातली दोस्तमंडळी येत्या फेब्रुवारीत नॉर्वेला बर्फावर पतंग उडवायला जाणार होती. उन्हाळ्यात पाण्यावर शिकलास तर तुलाही नेऊ, असं त्यांनी सांगितलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा शार्दूल रविवारी सकाळी न उठवता उठला.

चैत्राली नको म्हणाली नाही. नको म्हटलं की माणसं चोरून करतात, आणि चोरून करणाऱ्यांचे क्लेम तिने भरपूर वाचले होते. तिने दोन अटी घातल्या. हेल्मेट ती निवडणार. आणि पहिल्या धड्यात त्याच्या अंगावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तर पतंग कायमचा बंद. पाण्यावर बंद, बर्फावर बंद, नॉर्वे बंद.

"कबूल," शार्दूल म्हणाला. "माझं सायकलचं हेल्मेट आहेच की."

चाळणीत दूध तापवायला निघालेल्या माणसाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं.

पुढचे कित्येक दिवस त्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. बर्फाचं हेल्मेट आतून उबदार असतं, म्हणजे समुद्रात पडलं की चहात बुडवलेल्या पावासारखं फुगणार. त्याचे कान बंद, म्हणजे पाण्याचा तडाखा थेट पडद्यावर. पाण्याचं हेल्मेट घ्यावं तर त्याला भोकंच भोकं, बर्फात मेंदूची कुल्फी. पुढे छज्जा असलेलं तर अजिबात नको, कारण पडताना तो तांब्यासारखं पाणी भरून घेतो आणि मान हिसडतो. मागे गॉगलची कडी असली तर तिच्यात पतंगाच्या दोऱ्या अडकणार. शार्दूल प्रत्येक मुद्द्याला मान हलवून पोळी वाढून घ्यायचा. मालविकाने नर्सरीत बाहुलीला उलटं पातेलं घालून "मान हिसडते" असं बजावल्याचं तिथल्या बाईंनी काळजीने कळवलं.

शेवटी एकदाचं सापडलं. पाणी आणि बर्फ दोन्हींसाठी रीतसर तपासलेलं, कानाचे गरम पट्टे हवे तेव्हा लावता-काढता येणारं, आतल्या काळ्या गाद्याही सुट्या होणारं. घरी आणल्यावर चैत्रालीने शार्दूलला ते घालून बाथटबमध्ये बसवलं आणि वरून बादलीने पाणी ओतून निचरा कसा होतो ते पाहिलं. मग डोक्याला टोचतं का हे कळावं म्हणून दिवसभर काढू दिलं नाही. त्या दिवशी शार्दूल घरून काम करत होता. त्याच्या मॅनेजरने व्हिडिओ कॉलवर विचारलं, की घरात सगळं ठीक आहे ना, बोलावंसं वाटलं तर आमच्याकडे मदतीची फोनलाइन आहे.

संध्याकाळी नागपूरहून सासूबाईंचा, अरुणाताईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी हेल्मेट चहूबाजूंनी बघितलं आणि नेमका प्रश्न विचारला. "नवी वस्तू आहे. कुंकू लावलंस का?"

चैत्राली संख्याशास्त्रात एमएस्सी. कुंकवाने अपघात टळतात याला काडीचा पुरावा नाही हे ती आकडेवारीनिशी सिद्ध करू शकली असती. पण गाडीला लावलं होतं, वॉशिंग मशीनला लावलं होतं, मालविकाच्या बाबागाडीला लावलं होतं, आणि आजवर तिन्हींना काही झालेलं नव्हतं. आता फक्त नवऱ्याच्या डोक्यालाच वगळायचं, एवढा विज्ञानावर विश्वास तिचाही नव्हता. प्रश्न फक्त जागेचा होता. वरून लावलं तर शार्दूल हसणार, शिवाय समुद्राने लगेच धुऊन जाणार. म्हणून आत लावायचं. तिने आतल्या गाद्या काढल्या, कुंकू थोडं ओलं केलं आणि एका गादीच्या मागे बारीकसं बोट टेकवलं.

"टिकलीएवढं काय लावतेस," अरुणाताई पडद्यावरून म्हणाल्या. "समुद्र आहे तो, नळ नव्हे."

मग चैत्रालीने सगळ्या गाद्यांना मागून सढळ हाताने लावलं, गाद्या पुन्हा बसवल्या आणि निश्चिंत झाली. काळ्यावर काही दिसतही नव्हतं.

धड्याचा दिवस वाऱ्याचा होता. शिकवणारा समर हा लंडनच्या एजवेअरमध्ये जन्मलेला, चाळिशीचा, उन्हाने रापलेला गडी. आजी साताऱ्याची, त्यामुळे मोडकी का होईना, मराठी बोलायची हौस दांडगी. त्याने हेल्मेट हातात घेऊन वरून, बाजूने पाहिलं, पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाला, "ताई, एकदम बरोबर हेल्मेट आहे. लोक काय काय घालून येते. कोणी निवडली?"

"मी," चैत्राली म्हणाली. एमएस्सीच्या निकालाला तिचा चेहरा इतका उजळला नव्हता.

ती मालविकाचा हात घट्ट धरून वाळूवर उभी राहिली. शेजारी एक वयस्कर इंग्रज बाई आपल्या जाड्या लॅब्रॉडरला घेऊन वारा खात होत्या. समरने शार्दूलला कमरेएवढ्या पाण्यात नेलं. पतंग वर गेला. शार्दूल दोन पावलं चालला, मग त्याला चालावं लागलं नाही. वाऱ्याने त्याला उचललं, थोडं पुढे नेलं आणि पोत्यासारखं पाण्यात टाकलं. तो पाण्याखाली गेला आणि लगेच वर आला. हसत होता. हात हलवत होता.

आणि त्याच्या कपाळावरून, भुवयांवरून, नाकाच्या दोन्ही बाजूंनी लालभडक ओघळ गळ्यापर्यंत उतरत होते.

चैत्रालीच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने लॅब्रॉडर खाली बसला. जी बाई नर्सरीतल्या शिक्षिकांची नावं-गावं विचारल्याशिवाय मुलीला आत सोडत नसे, तिने मालविकाचा हात एका अनोळखी बाईच्या हातात दिला, कुत्र्याचा पट्टा होता त्याच हातात, आणि बुटांसकट ती समुद्रात धावली. मागे त्या बाईंनी दुसऱ्या हाताने फोन काढून इमर्जन्सी नंबर लावला.

इकडे शार्दूलला कळेना की ही का ओरडतेय. त्याने तोंडावरून हात फिरवला, हाताकडे पाहिलं आणि त्याला भोवळच आली. घरात डास मारला तरी भिंत पुसायला चैत्रालीला बोलावणारा माणूस तो. समरने घाईघाईने पतंग पाण्यावर पाडला, शार्दूलला काखेत धरून काठाला आणलं आणि आडवं केलं. हेल्मेटला हात लावू नका, मान हलवू नका, असं तो सांगत होता. चैत्राली गुडघ्यांवर बसली. तिने नवऱ्याचं कपाळ पुसलं, जखम कुठे आहे ते बघायला.

जखम नव्हती. रक्त मात्र कडेला पिवळट होत होतं. तिने बोट नाकाशी नेलं. देव्हाऱ्यासमोर रोज येतो तोच वास.

तिच्या जिवात जीव आला. आणि तो येतो न येतो तोच शार्दूल डोळे मिटून क्षीण आवाजात म्हणाला, "चैत्रू, तुझी अटच बरोबर होती. नको हे. पतंग नको, नॉर्वे नको. त्या लोकांना आजच सांगतो."

चैत्राली गप्प राहिली.

काही बोलायची गरजच नव्हती. तिने नुसतं तोंड मिटून ठेवायचं होतं. शार्दूल जन्मभर पुन्हा समुद्राकडे बघणार नव्हता. फेब्रुवारीत तो घरी सोफ्यावर असणार होता, उशांच्या मधोमध, धडधाकट. तिला हवं होतं ते सगळं तिच्या समोर वाळूवर आडवं पडलं होतं.

तिने वर पाहिलं तर समरही स्वतःच्या तळहातावरचा लाल रंग निरखत होता. त्याने तो हुंगून बघितला. मग त्याने चैत्रालीकडे बघितलं. साताऱ्याच्या आजीने याच्याही सायकलला कधीतरी लावलं असणार. तो पतंगाच्या दोऱ्या आवरायच्या आहेत असं पुटपुटला आणि पाठ फिरवून दूर जाऊन उभा राहिला.

चैत्रालीला आठवलं, की पाण्यातून वर येताना शार्दूल हसत होता. नुसता फोटोपुरता नव्हे, दात दाखवून, वेड्यासारखा. लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा तो इतका हसलेला नव्हता.

"शार्दूल," ती म्हणाली, "ऊठ. तुला काही झालेलं नाही. ते कुंकू आहे."

त्याने एक डोळा उघडला. "कुणाचं?"

"माझंच. म्हणजे, मी लावलेलं. आतून. आईंनी सांगितलं म्हणून. पण हात माझा होता."

शार्दूल उठून बसला. त्याने हेल्मेट काढलं, एक गादी उपसली, मागे पाहिलं, दुसरी उपसली, मागे पाहिलं. अशा सगळ्या गाद्या पाहून झाल्या.

"तू दोन मिनिटं गप्प होतीस," तो मग म्हणाला. "तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"मग का सांगितलंस?"

चैत्रालीचे ओले बूट पायात कचकचत होते, नाक वाहत होतं. ती एवढंच म्हणाली, की रक्ताची अट होती, कुंकवाची नव्हती. शार्दूलने हेल्मेट समुद्राच्या पाण्यात खळखळून धुतलं, गाद्या बसवल्या आणि ते तिच्यापुढे धरलं. पट्टा तिनेच लावावा म्हणून.

तो पुन्हा पाण्यात गेला तेव्हा कोस्टगार्डची गाडी येऊन थांबली. डोक्याला जबर मार, भरपूर रक्तस्राव, अशी वर्दी त्यांना मिळाली होती. निळ्या गणवेशातला एक धिप्पाड अधिकारी औषधांची बॅग घेऊन धावत आला आणि जखमी कुठे आहे म्हणून विचारू लागला. चैत्रालीने समुद्राकडे बोट दाखवलं. जखमी पतंगाला लटकून किंचाळत होता.

मग तिने त्याला सगळं समजावून सांगितलं. कुंकू म्हणजे काय, नव्या वस्तूला ते का लावतात, आत का लावलं, गाद्यांच्या मागे का लावलं. लॅब्रॉडरवाल्या बाई मध्येमध्ये मान डोलावत होत्या. मालविका कुत्र्याच्या पाठीवर बसली होती, पडली तर काय होईल हे तिच्या आईच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं. अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कुणाला लागलं नाही ना, मग झालं, फोन केलात ते योग्यच केलंत, असं तो म्हणाला.

तो जायला वळला, थांबला आणि परत आला. आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या मुलाने गेल्या महिन्यात मोटरबाइक घेतली. त्याच्या आईला रात्रीची झोप नाही. मलाही नाही, पण मी तिला सांगत नाही." त्याने एकदा गाडीकडे बघितलं, सोबतचे लोक ऐकत नाहीत ना म्हणून. "ते लाल तुमच्याकडे थोडं शिल्लक आहे का?"

चैत्रालीला भरून आलं. एवढा मोठा माणूस, एवढी मोठी गाडी, आणि दुखणं तिचंच. तिने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि त्याला वाळूवरच्या ओंडक्यावर बसवलं.

"कुंकू शेवटी," ती म्हणाली. "आधी मला सांगा, त्याच्या हेल्मेटचा पट्टा लावल्यावर हनुवटीखाली बोटं किती जातात?"

कोस्टगार्डची गाडी तिथून निघेपर्यंत भरती येऊन ओसरायला लागली होती.