माझे बत्तीस दात आणि लेकीची परीक्षा

लेक दातांची डॉक्टर होतेय ती माझ्या दातांच्या पुण्याईवर, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो. वय चोपन्न आणि बत्तीसच्या बत्तीस जागेवर! दात घासताना हिरड्यांतून जरा रक्त यायचं, नाही असं नाही. पण तो ब्रशचा आडदांडपणा! म्हणून मी हिरड्यांच्या वाटेला जायचंच सोडून दिलं होतं.

तर लेकीची शेवटच्या वर्षाची परीक्षा आली.

"बाबा, एक पेशंट हवाय. हिरड्या सुजलेल्या, दातांवर चांगला थर. पेशंट नसेल तर बसूच देत नाहीत, सहा महिने वाया!"

"एवढंच ना? आमचा शिपाईमामा आहे की! तो जांभई देतो तेव्हा अख्खा विभाग खिडक्या उघडतो!"

लेकीनं मामाला तपासलं आणि जाम खूश झाली. "सोमवारी सकाळी नऊला. बाबा, यांना आणायची जबाबदारी तुमची हं!"

आता मला सांगा, मी जबाबदारी कधी अर्धवट सोडतो का? मोठमोठे परीक्षक येणार आणि आमच्या ऑफिसचा माणूस त्यांच्यापुढे असलं तोंड उघडणार? आमची काही इभ्रत आहे की नाही! शनिवारीच मामाला कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना बजावलं, "दात लख्ख करून द्या!" मामा बिचारा तासभर आ करून पडला होता.

सोमवारी कॉलेजात लेकीनं मामाच्या तोंडात आरसा घातला आणि पांढरीफटक पडली.

"थर कुठे गेला?"

"काढला!" मी ऐटीत म्हणालो. "परीक्षेला घाणेरड्या तोंडानं जातं का कुणी?"

"बाबा! तो थर म्हणजेच माझी परीक्षा होती!"

पोरगी रडायलाच लागली हो! चार वर्षांची मेहनत आणि बापानं पैसे मोजून धुऊन काढली. "रडू नको ग, मी आत्ता रस्त्यावरून कुणाला तरी धरून आणतो," असं काहीबाही बडबडत होतो, तेवढ्यात ती रडायची थांबली. माझ्या तोंडाकडे टक लावून बघायला लागली.

"बाबा, आ करा."

"अगं, माझ्या तोंडात काय मिळणार तुला? बत्तीसच्या..."

"आ!"

तिनं कसलेसे रंगाचे थेंब टाकले, चूळ भरायला लावली आणि हातात आरसा दिला. दात जांभळे! हिरडीच्या कडेला तर शाईची दौत लवंडल्यासारखं!

"हे काय ग?"

"जंतू. एकमेकांना धरून, वर चिकट पांघरूण घेऊन बसलेत. चूळ भरून हलत नाहीत, घासूनच काढावे लागतात. तुम्ही ती कड सोडलीत, त्यांनी संसार थाटला. त्यांच्याशी भांडून भांडून हिरडी सुजते, म्हणून रक्त!"

तेवढ्यात परीक्षक आले. लेक बारीक सळीनं हिरडी मोजत आकडे सांगायला लागली, "चार... पाच... सहा..." परीक्षक लिहून घेत होते. मला वाटलं, मार्क! मी आणखी मोठा आ केला.

"सात!"

माझा ऊर भरून आला. परीक्षकांनी बाकीच्या मुलांनाही हाका मारल्या. "या, या, बघून घ्या! अशी केस पुन्हा मिळायची नाही! कुठे सापडले हे?"

लेक खाली बघत पुटपुटली, "घरचेच आहेत, सर."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सात म्हणजे पैकीच्या पैकी ना?"

"हिरडी दातापासून सात मिलिमीटर सुटलीय, बाबा. तीनपर्यंत ठीक. पुढे आतलं हाडच झिजतं. दोन दाढा हलतायत तुमच्या!" तिचे डोळे पुन्हा भरले. "रोज समोर बसून जेवता आणि मी गावभर पेशंट शोधत फिरले. काखेत कळसा!"

"जाणार का ग त्या?" माझा आवाज अगदीच बारीक निघाला.

"मी जाऊ देईन का?" ती म्हणाली आणि माझा हात घट्ट धरला. तेव्हापासून रोज सकाळी माझ्या मागे उभी राहून ती माझ्याकडून दात घासून घेते. मीही मुकाट्यानं घासतो.

लेक वर्गात पहिली आली! मी ऑफिसभर सांगत सुटलो, "माझ्यामुळे आली हो, माझ्यामुळे!" नेमकी कशामुळे, ते सांगायची काही गरज नव्हती. शिपाईमामानं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला, लख्ख बत्तिशी दाखवून हसला आणि जाता जाता माझ्या टेबलाजवळची खिडकी उघडून गेला.