साळवी सिस्टरांची हंगेरियन पेशंट

साळवी सिस्टर माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघतात. आधी पाय. मग गुडघे, कंबर, खांदे. एवढं सगळं ठाकठीक असेल तर मग नाव-गाव. मी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या हेन्डरसन उपनगरातल्या एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे रक्तदाब मोजायच्या यंत्राशेजारी एक खुर्ची आहे, ती खरं तर पेशंटांसाठी ठेवलेली. गेली चार वर्षं सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते बारा, तिच्यावर सिस्टर बसतात आणि दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाचं निदान करतात.

"डावा गुडघा," त्या मला मराठीत सांगतात. "दोन वर्षांत बदलायला लागणार. सांग त्याला."

"सिस्टर, तो शाम्पू घ्यायला आलाय."

"घेऊ दे की. गुडघा कुठे पळून जातोय?"

सिस्टरांनी मिरजेला हाडांच्या वॉर्डात तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची काही वर्षं इन्चार्ज म्हणून. तिथले डॉक्टर राउंडला येण्याआधी केस विंचरून यायचे म्हणतात, आणि हे मला अजिबात खोटं वाटत नाही. रिटायर झाल्यावर मुलगा मंदार त्यांना इकडे घेऊन आला. मंदार आणि त्याची बायको केतकी सकाळी सातला घर सोडतात, नात अन्वी शाळेत जाते. घरापासून आमचं दुकान चार मिनिटांवर आहे. सिस्टरांच्या चालीने तीन.

त्यांचं एक ठाम मत असं की या देशातले हाडांचे दवाखाने जँडल्समुळे चालतात. "भर थंडीत पायात रबराची चप्पल! टाच बघ त्याची, टाच!" दुसरं मत ब्रीदवाक्यासारखं येता-जाता ऐकू येतं. "हाड खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

तर अशा या सिस्टरांनी एका हंगेरियन टेनिसपटूला मनोमन आपल्या वॉर्डात दाखल करून घेतलं, त्याची ही हकिगत.

ऑकलंडला जानेवारीत बायकांची मोठी टेनिस स्पर्धा असते. दोन वर्षांपूर्वी मंदार आईला तिथे घेऊन गेला. सिस्टरांना टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. बाहेरच्या एका कोर्टावर एमेशे तोल्नाई नावाची खेळाडू पाय मुरगळून पडली. उठून बाकावर बसली, कोणाला बोलवायच्या आधीच पिशवीतून पट्टी काढली आणि आपली आपण घोट्याला बांधून परत खेळायला लागली.

"आठच्या आकड्याचं बँडेज, निखिल! टाच मोकळी, बोटं मोकळी, एक सुरकुती नाही. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या पोरींना जमत नसे. मी उभ्या उभ्या नोकरीवर घेतली असती."

त्या दिवसापासून ती 'आमची एमेशे' झाली. तोल्ना नावाचं तिकडे गाव आहे आणि तिथले ते तोल्नाई, हे कळल्यावर तर सिस्टर आणखी खूश झाल्या. "म्हणजे आपल्याकडच्या तोलनाकर," त्यांनी निकाल दिला. अन्वीने आजीच्या फोनवर स्कोअर दिसायची सोय करून दिली. "आजी, शी'ज नॉट इव्हन फेमस," ती म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "फेमस लोकांना बघायला जग आहे."

एमेशेची कारकीर्द मला आता माझ्या स्वतःच्या कारकिर्दीपेक्षा जास्त पाठ आहे. डॅन्यूबकाठच्या छोट्या गावातलं लाल मातीचं कोर्ट. लहानपणी जिंकलेल्या स्पर्धा. एकदाच, फक्त एकदाच, जगातल्या एका सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत शिरकाव, आणि पहिल्याच दिवशी एका बड्या खेळाडूकडून हार, पण एक सेट घेऊन. मग गुडघ्याचं ऑपरेशन. मग पुन्हा तळापासून सुरुवात, ट्युनिशिया, इजिप्त, पोर्तुगाल, जिथे प्रेक्षकांपेक्षा खजुराची झाडं जास्त. हे सगळं सिस्टरांनी रीतसर केसपेपरवर लिहून ठेवलं होतं. हो, केसपेपरवर. पेशंटचं नाव, वय एकतीस, पूर्वेतिहास. खाट क्रमांकाच्या जागी लिहिलं होतं, 'फिरती'.

या छोट्या स्पर्धांचं चित्रण कुठे दिसत नाही. फोनवर फक्त आकडे बदलतात. पंधरा-शून्य, पंधरा-पंधरा. मेक्सिकोत वगैरे सामने असले की ते आमच्या सकाळी येत. सिस्टर खुर्चीत बसून पदराला टाचलेलं नर्सचं घड्याळ उलटं धरत आणि दोन आकड्यांमधले सेकंद मोजत, नाडी मोजतात तसे. तेवढ्यावरून त्यांना अख्खा सामना दिसायचा. "आता टॉवेलकडे गेली... आता बॉल आपटतेय... हा पॉइंट घाईत टाकला."

एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, "हूज विनिंग?"

"माय पेशंट," सिस्टर म्हणाल्या. तो बिचारा "गुड ऑन यू" म्हणून कफ सिरप घेऊन गेला.

गेल्या वर्षी मात्र केसपेपर बिघडायला लागला. एमेशे पहिला सेट जिंकायची आणि पुढचे दोन घालवायची. डबल फॉल्ट वाढले. आणि पॉइंट हरल्यावर ती पूर्वीपेक्षा पाच-सहा सेकंद जास्त घ्यायला लागली. सिस्टरांनी त्याचा आलेख काढला, तापाचा काढतात तसा, आणि निदान केलं. "उजवा खांदा. ही पोर दुखणं लपवतेय. अशीच खेळत राहिली तर हात कायमचा जाईल. केस विंचरता येणार नाहीत चाळिशीत."

"सिस्टर, इथून तिथला खांदा कसा कळेल?"

"तुला गोळ्या मोजायला शिकवलंय, तेवढ्या मोज."

आणि मग बातमी आली की या जानेवारीत एमेशे ऑकलंडला पात्रता फेरीत खेळणार. सिस्टरांनी माझ्याकडून इंग्रजीत पत्र टाइप करून घेतलं. मजकूर थोडक्यात असा, की खेळ ताबडतोब थांबव, तीन महिने सक्तीची विश्रांती, हयगय करू नये. मी म्हटलं, ती तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "पेशंटने नर्सला ओळखायची गरज नसते." त्यांचं स्वतःचं इंग्रजी हॉस्पिटलचं. 'व्हेअर पेन, सिन्स व्हेन, मोशन क्लिअर' याच्या पुढे ते जात नाही. म्हणून दुभाषा म्हणून मला रजा काढायला लावली.

आम्ही हेन्डरसनहून ट्रेनने गेलो. सिस्टर जांभळ्या साडीत, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज, डोक्यावर अन्वीची टोपी, पर्समध्ये पत्र. कोर्टाभोवती पंधरा-वीस माणसं असतील. एमेशेची प्रतिस्पर्धी एक कोवळी ऑस्ट्रेलियन मुलगी होती. तिच्या कोपऱ्यातल्या बाकावर कोच, आईबाप आणि आणखी दोघं, प्रत्येक पॉइंटला टाळ्या. समोरच्या कोपऱ्यातलं एमेशेचं बाक रिकामं होतं.

पहिला सेट एमेशेने घेतला. दुसऱ्यात नेहमीची घसरण सुरू झाली. सिस्टर घड्याळ धरून बसल्या होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "खांद्याला काही झालेलं नाही."

"काय?"

"हात पूर्ण वर जातोय. कुठे अडत नाही, कुठे चोरत नाही. मी चुकले." हे वाक्य तीस वर्षांत मिरजेत कोणी ऐकलं नसावं. "निखिल, पॉइंट गेल्यावर ती कुठे बघते बघ."

मी बघितलं. पॉइंट गेला की एमेशे वळायची आणि त्या रिकाम्या बाकाकडे बघायची. मग कोणीच नाही हे नव्याने कळल्यासारखी मान खाली घालून टॉवेल घ्यायची. तेच ते पाच-सहा सेकंद.

सिस्टर उठल्या. खेळाडू बाजू बदलत होत्या तेवढ्यात तरातरा त्या बाकापाशी पोचल्या. तिथल्या स्वयंसेवक बाईंनी अडवलं. ही जागा खेळाडूच्या माणसांसाठी आहे, त्या म्हणाल्या.

"व्हेअर पीपल?" सिस्टर म्हणाल्या. "नो पीपल. आय सिट."

बाईंनी बाकाकडे बघितलं, सिस्टरांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "स्वीट ॲज." म्हणजे इकडच्या बोलीत, काही हरकत नाही.

पुढचा पॉइंट एमेशे हरली आणि वळली. बाकावर जांभळी साडी. ती थबकलीच. सिस्टर हसल्या नाहीत, टाळ्या वाजवल्या नाहीत. राउंडला निघालेली नर्स खाटेपाशी थांबून 'हं, चालू दे' म्हणून मान हलवते, तेवढीच मान हलवली. एमेशे परत गेली आणि तिने सर्व्हिस केली. त्यानंतर प्रत्येक पॉइंटला ती वळत होती आणि प्रत्येक वेळी ती मान हलत होती. दुसरा सेट गेलाच. पण तिसरा टायब्रेकपर्यंत गेला, आणि तिथे ती दोन पॉइंटांनी हरली. मी आयुष्यात इतकं ओरडलो नव्हतो.

सामना संपल्यावर ती स्वतःच कुंपणापाशी आली. "तुम्ही कोण आहात?" तिने इंग्रजीत विचारलं. मी सगळं सांगितलं. बँडेज, केसपेपर, आकडे. ती आधी हसली, मग म्हणाली की त्या जागेवर तिची आई, इलोना, बसायची. तीच तिची पहिली कोच. वीस वर्षं आई बरोबर फिरली. दोन वर्षांपूर्वी इथे पाय मुरगळला तेव्हाही ती याच बाकावर होती.

मी भाषांतर केल्यावर सिस्टर ओशाळल्या. "मी घोट्याकडेच बघत होते," त्या म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात आई अंगणातल्या बर्फावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती चालत नाही, खिडकीपाशी खुर्चीत बसून असते. फोनवर सगळं छान आहे म्हणते, शेजारीण मात्र वेगळं सांगते. "म्हणून मी ठरवलंय," एमेशे म्हणाली, "ही शेवटची स्पर्धा. घरी जाते आणि रॅकेट ठेवते."

सिस्टर एकदम ताठ झाल्या. हाड मोडलेलं होतंच. कोणीतरी दुखणं लपवतंय हे निदान बरोबर होतं, पेशंट चुकला होता.

"एक्स-रे?" त्यांनी थेट हात पुढे केला. एमेशेच्या फोनमध्ये फोटो होता. सिस्टरांनी तो मोठा करून, उन्हात सावली धरून, इतका वेळ बघितला की मागून पुढच्या सामन्याच्या खेळाडू येऊन उभ्या राहिल्या.

"जुळलंय," त्या म्हणाल्या. "उत्तम जुळलंय. स्क्रू जागच्या जागी. हिला चालता येतं, निखिल. ही भ्यायलीय. रोज समोर उभं राहून उठवणारं कोणी नाही, म्हणून बसून राहिलीय." मग त्यांनी एमेशेचा उजवा हात, तोच तो खांदा असलेला, आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तिला सांग, तू खेळ. आईचं मी बघते."

पृथ्वीच्या या टोकावरून त्या टोकाची आई ही कशी बघणार?

"सांग म्हणते ना!"

मी सांगितलं. एमेशेने टॉवेल तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. ते पत्र पर्समधून बाहेर आलंच नाही.

इथल्या उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा हंगेरीत रात्रीचे आठ. पहिल्या दिवशी एमेशेच्या आईशी व्हिडिओ कॉल जोडून द्यायला मी दुकान उघडण्याआधी सिस्टरांच्या घरी गेलो. मंदार, केतकी केव्हाच गेले होते. तीन कप सिंकमध्ये विसळून पालथे घातलेले, टीव्ही बंद, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. फ्रिजचा आवाज ऐकू येत होता. मला त्या घरात उभं राहून लाज वाटली. चार वर्षं ही बाई माझ्या दुकानात येऊन बसत होती आणि मी समजत होतो, तिला लोकांचे गुडघे बघायची हौस आहे.

इलोनाबाईंना इंग्रजी येत नाही, सिस्टरांना हंगेरियन येत नाही. काही अडलं नाही. सिस्टर स्वतः खुर्ची धरून पाय उचलून दाखवत, त्या तिकडे उचलत. 'नेम' म्हणजे नाही, एवढा एक शब्द सिस्टर पहिल्या दिवशी शिकल्या, कारण तोच सारखा येत होता. "नेम-बिम काही चालणार नाही. उठा!" इलोनाबाई मराठीत दहापर्यंत मोजायला लागल्या. सातच्या जागी आठ म्हणत आणि एक पाय उचलणं वाचवत. सिस्टरांनी दोन दिवसांत पकडलं.

मार्चमधल्या एका सकाळी मी काही औषधं द्यायला गेलो होतो. एमेशे त्या वेळी मेक्सिकोत एका छोट्या स्पर्धेची अंतिम फेरी खेळत होती. मी माझ्या फोनवर आकडे बघत होतो. इकडे टेबलावरच्या फोनमध्ये इलोनाबाई काठी न घेता खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत येत होत्या, आणि सिस्टर मोजत होत्या.

"सिस्टर, मॅच पॉइंट!"

"गप रे! आमच्या दहा फेऱ्या व्हायच्यात. मुलगी तिचं बघून घेईल."

आठवी फेरी चालू असताना एमेशे जिंकली. मी श्वास धरून दहा होऊ दिल्या. मग सिस्टरांनी माझा फोन ओढून घेतला आणि स्कोअर कॅमेऱ्यासमोर धरला. इलोनाबाईंनी चष्मा लावला, वाचलं, आणि उभ्या उभ्याच दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सिस्टरांचेही डोळे वाहत होते. "बसा आता," त्या म्हणाल्या, "आज बसलात तरी चालेल."

मी निघायला म्हणून उठलो. बघतो तर सिस्टरांनी फोन डब्याला टेकवून ठेवला आणि मेथीची जुडी पुढ्यात घेतली. तिकडे इलोनाबाई लोकरीचा गुंडा काढून विणायला बसल्या. दोघी एक अक्षर बोलत नव्हत्या.

"व्यायाम संपला ना, सिस्टर? फोन बंद करू?"

"नको. तासभर असतोच चालू." त्या पानं खुडत राहिल्या. वर बघितलं नाही. "तीही दिवसभर घरात एकटीच असते रे."

मी परत बसलो आणि मेथीची दुसरी जुडी माझ्याकडे ओढली.