आत्मारामाची नखपरीक्षा

आत्माराम सावंताला माणसाची कातडी वाचता येत असे! निदान त्याचं तरी तसं म्हणणं होतं. त्याच्या पाठीवर शिबं उठली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "पांढरा डाग नखाने खरवडून बघावा. कोंडा सुटला तर बुरशी, मलमाने जाते. काहीच सुटलं नाही तर कोडाची शंका." तेव्हापासून आत्माराम अख्खी वाडी फुकट तपासत सुटला होता.

पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात साताऱ्याची मंडळी त्याच्या मुलीला, सावित्रीला, बघायला आली. आजवर प्रत्येक मुलात खोट काढणाऱ्या सावित्रीला हा मुलगा दाराआडूनच आवडला. आत्मारामाने खुशीत स्वतः हापूसच्या फोडी केल्या. मुलगा नमस्काराला वाकला आणि त्याच्या मानेवर पांढरे डाग!

आत्माराम धडपडत स्वयंपाकघरात शिरला. "मैने, घात झाला! मुलाच्या मानेवर डाग!"

"कोड?" बायकोच्या हातातले पोहे सांडले. "मग नको गो बाई हे स्थळ!"

"शिबं पण असतील! खरवडून बघतो."

"पावण्याची मान खरवडणार? शुद्धीवर आहात ना?"

"असू दे कोड!" सावित्री रडवेली झाली. "ते काय दुसऱ्याला लागतं? बाबा, तुम्ही लगीन मोडाल हां!"

पण आत्माराम बाहेर पोचलासुद्धा. मुलाच्या मागे जाऊन तो ओरडला, "डास!" आणि मानेवर चापट मारून त्याने नख ओढलं. मुलगा टुणकन उडाला. नखात पांढरा भुगा!

"शिबंच! देवा गणपती, शिबंच!"

खात्रीसाठी त्याने बोट नाकाशी नेलं, तर मोगऱ्याचा वास! आत्माराम पुरता गोंधळला. मोगऱ्याच्या वासाची बुरशी डॉक्टरांनी सांगितलीच नव्हती.

एवढ्यात मुलाच्या आईने, गंगुबाईने, त्याचं मनगट पकडलं. हापूसच्या एकाही फोडीला तिने हात लावला नव्हता.

"थांबा पावणं! मघाधरनं बघतीया. हातावर काळे गोल डाग, अन् सारखं खाजवताय. गजकर्ण हाय ह्ये! त्याच हातानं फोडी केल्या, अन् त्याच हातानं माझ्या पोराची मान?" असं म्हणत तिनेही नख ओढलं.

"आई गं! अवो, चीक आहे तो! आंबे उतरवताना देठाचा चीक उडतो, कातडी भाजते!"

"चीक? आमाला काय म्हाईत!"

"आणि तुमच्या मुलाची शिबं?"

"शिबं कसली? यष्टीत घामाघूम झाला, म्हनून पावडर फासली त्यानं!"

सावित्री ओलं फडकं घेऊन आली. मुलाने मान पुसली आणि डाग गेले. राहिला तो फक्त आत्मारामाच्या नखाचा लालभडक ओरखडा. मुलगा तिच्याकडे बघून खुदकन हसला. गंगुबाईने वरमून एक फोड तोंडात टाकली आणि लगेच दुसरीही उचलली.

"मग पोरी, पसंत हाय न्हवं?"

"मुलगा पसंत आहे," सावित्री म्हणाली. "पण साखरपुड्याला दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी नखं कापून यायचं!"

आत्मारामाने मुकाट्याने हात पाठीमागे घेतले. नेमकी तेव्हाच त्याला सडकून खाज सुटली, पण आता खाजवायची सोय राहिली नव्हती!